वेलनस सेंटर

१२ जानेवारी २०२५, रविवार

निवृत्त होऊन आज चौदा महिने झाले. अहमदपूरच्या एसटी स्थानकात एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. माईकवर माझं एक वाक्य पडलं की शंभर माणसं पिशव्या-पोरं उचलून फलाट बदलायची. आता घरात दोनदा चहा मागितला तरी कुणी जागचं हलत नाही.

सबब, समता वसाहतीच्या सार्वजनिक व्यायामशाळेचं अध्यक्षपद मी स्वीकारलं. पंचशीला, म्हणजे आमची मंडळी, म्हणते, "स्वीकारलं न्हाई, मागून घेतलं." इतिवृत्तात तसं नाही.

इमारत तयार आहे. सरकारी योजनेची अट एकच. मार्चअखेर तपासणी होईल, तेव्हा नियमित येणारे चाळीस सभासद दिसले पाहिजेत. न दिसल्यास यंत्रं उचलून दुसऱ्या गावाला देणार. चाळीस म्हणजे एक एसटी. मी रोज दोनशे गाड्या सोडल्या आहेत.

समितीत काम करणारे तिघंच. मी. सचिव अनंतराव पांगरेकर, निवृत्त मराठीचे शिक्षक, मागच्या गल्लीत राहतात, दुसऱ्याच्या लग्नपत्रिकेतसुद्धा लाल पेनानं चुका काढतात. आणि सिद्धराम वेल्डिंगवाला, तरुणपणी कुस्त्या मारलेला. अनंतरावांशी माझं फारसं जमत नाही. रोज संध्याकाळी दोन तास त्यांच्या ओट्यावर बसतो ते केवळ कामापुरतं.

इमारतीत एक दोष राहिलाय. जमीन सखल म्हणून जोतं उंच घेतलं आणि नऊ पायऱ्या केल्या. कंत्राटदारानं पायरीचं माप चुकवलं आहे. नवव्या पायरीवर माणसाला थांबून परिसर न्याहाळावा लागतो. पंचशीलेचे तर गुडघे गेलेले, ती भिंत धरून एकेक पायरी चढली. उन्हाळा सरला की ऑपरेशन करू म्हणून लातूरच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलंय.

१७ जानेवारी

यंत्रं आली. सहा नग. सोबतचा माहितीचा कागद चिनी भाषेत. सिद्धरामनं अंदाजानं पाच जोडली, सहावं कशाचं ते कुणालाच कळेना. एक बैठक, समोर गाद्या लावलेले दोन दांडे, उघडमीट होणारे. सिद्धराम म्हणाला छातीचं हाय. अनंतराव म्हणाले, "रचना पाहता खांद्यांचं असावं."

अध्यक्ष या नात्यानं मी पुढं गुडघे टेकले आणि दोन्ही हात दांड्यांत घातले. दांडे मिटले. ते पाऊण तास मिटलेलेच राहिले. सिद्धराम पाना आणायला गेला तेवढ्यात अर्धी वसाहत येऊन पाहून गेली.

लुंबिनीला फोन लावला. आमची मुलगी, लातूरला एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. तिनं यंत्राचं वर्णन दोनदा करायला लावलं. मग म्हणाली, "पप्पा, ते मांड्यांच्या आतल्या बाजूचं आहे. त्यात पाय घालायचे असतात."

इतिवृत्तात 'यंत्राची प्रत्यक्ष चाचणी घेण्यात आली' असं नोंदवलं.

२४ जानेवारी

पाटी लागली. 'सार्वजनिक व्यायामशाळा व वेलनेस सेंटर' असं मंजुरीच्या कागदात आहे. बसवंत पेंटरनं 'वेलनस सेंटर' काढलं. 'न'वरची मात्रा राहून गेली. अक्षर मात्र सुरेख, लांबून दिसतं.

अनंतराव पाटीखाली उभे राहिले ते हललेच नाहीत. "हणमंते, हे मराठी नाही आणि इंग्रजीही नाही. एक वेल आणि एक नस. आपण काय झाडपाल्याचं दुकान काढलंय का?"

बसवंत लग्नाच्या कमानी रंगवायला उदगीरकडं गेला, महिना-दीड महिना येत नाही. मी म्हणालो, "एका मात्रेनं काय होतंय?"

ते तडक घरी गेले. आज त्यांच्या ओट्यावर पाऊण तासच बसलो.

२६ जानेवारी

झेंडावंदन आणि उद्घाटन. आमच्या बाजूनं त्रिसरण-पंचशील झालं, अनंतरावांच्या सौदामिनीताईंनी समई लावली. माझं भाषण चाळीस मिनिटं झालं. माईक होता. फार बरं वाटलं. शेवटी 'तरी सर्व प्रवाशांनी नोंद घ्यावी' असं तोंडून गेलं, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या.

२७ जानेवारी

उपस्थिती एक. (मी.)

२८ जानेवारी

उपस्थिती एक.

३१ जानेवारी

उपस्थिती दोन. दुसरा माणूस पत्ता विचारायला आला होता, त्याचं नाव लिहून घेतलं.

वसाहतीतल्या तरण्या पोरांना स्वतः जाऊन विचारलं. ती स्टँडकडच्या खाजगी जिमला जातात. एक म्हणाला, "काका, तुमच्याकडं आरसा न्हाई. दंड फुगला का न्हाई ते कळंल कसं?"

हजेरीवहीत क्रमांक एकला माझं नाव आहे. रोज समोर बरोबरची खूण करतो. सकाळपासून मी तिथंच असतो, म्हणजे हजेरी लागतेच. सिद्धरामनं लोखंडी खुर्ची करून दिली आहे, पाठीला टेकायला चांगली आहे.

५ फेब्रुवारी

आज विलक्षण प्रकार झाला. सकाळी दहाच्या सुमारास किनगावकडचा एक म्हातारा पायऱ्या चढून आला. मान डाव्या खांद्यावर पडलेली.

"नस हितंच काडत्यात का?" तो म्हणाला.

"काका, ही व्यायामशाळा हाय."

"पाटीवर नस लिवलंय की. एसटीतून दिसलं. मुद्दाम उतरलो."

मी समजावलं. तो म्हणाला, उतरलोच आहे तर बसतो. आणि बसला.

तेवढ्यात रत्नम्मा आली. ही देगलूरकडची, मोंढ्यात मिरची-हळदीचा धंदा करते, आपल्याच वसाहतीत राहते. व्यायामाचा तिचा काही संबंध नाही. आमचा वजनकाटा खरा दाखवतो म्हणून मिरचीचं पोतं खांद्यावर टाकून आली होती. तीस किलोचं पोतं, नऊ पायऱ्या, आणि दम म्हणून लागला नव्हता. अशा बायकांचं शरीर वेगळं असतं.

तिनं म्हाताऱ्याकडं पाहिलं. "अय्यो, झोपतोस कशावर?"

"ज्वारीचं पोतं घेतो उशाला."

"मग नस कशाला काडायची? पोतं काड."

तिनं त्याला मान हळूहळू इकडं, हळूहळू तिकडं करायला लावली, वीस वेळा, आणि रोज कर म्हणाली. मी त्याचं नाव वहीत घेतलं. ग्यानोबा. उपस्थिती तीन, पोतं सोडून.

११ फेब्रुवारी

ग्यानोबाची मान सरळ झाली. त्यानं हे किनगावच्या पूर्ण गाडीला सांगितलं असावं. आज चौदा जण आले. पाठीची नस, पायाची नस, एकजण तर मुदखेडहून दोन गाड्या बदलून आला, त्याला कानात नस वाजते. त्याला दवाखान्यात पाठवलं, पण नाव घेतलं.

संध्याकाळी अनंतराव पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आले. "मात्रा मी देतो," म्हणाले.

मी पायरीवर आडवा उभा राहिलो. "अनंतराव, औषधाची मात्रा माणसाला लागू पडते. ही न देऊन लागू पडली आहे. आता हात लावू नका."

"लोक फसून येताहेत, हणमंते."

"येताहेत ना? तुम्हाला माणसं नकोत, मात्रा पाहिजे."

"आणि तुम्हाला माणसं नकोत, आकडा पाहिजे."

यावर मला काही सुचलं नाही, त्या अर्थी माझाच मुद्दा बरोबर असणार. अनंतरावांनी सचिवपदाचा राजीनामा दिला. तीन परिच्छेद आहेत. एकही चूक नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

लुंबिनी अचानक आली. तिच्या दवाखान्यात एक पेशंट म्हणाला, म्याडम, तुमच्यापेक्षा अहमदपूरचं नस सेंटर बरं. तिनं पत्ता विचारला.

मला सगळ्यांसमोर बोलली. "पप्पा, उद्या कुणी एखाद्याच्या मानेला झटका दिला आणि हातपाय गेले, तर काय करणार तुम्ही? माईकवर सांगणार?"

खरं सांगायचं तर गेल्या आठवड्यापासून हे माझ्याही मनात येत होतं, पण तेव्हाच उपस्थिती वीसवर गेली आणि विचार मागं पडला.

तिनं नियम केले. कुणी कुणाला ओढायचं नाही, दाबायचं नाही. मुंग्या, बधिरपणा, छातीत दुखणं, असलं काही असलं की सरळ दवाखाना. बाकीच्यांनी रोज चालायचं, उठबस करायची, तिनं भिंतीवर लावलेल्या चित्रांप्रमाणे हात-पाय हलवायचे. दर रविवारी ती येणार. रत्नम्माला तिनं सगळं नीट शिकवलं. रत्नम्मा म्हणाली, "हे तर मी पोत्यासंगं रोजच करते."

रक्तदाबाचं यंत्र आणलं होतं. ओळीनं सगळ्यांचा तपासला. माझी पाळी आली तेव्हा मला मागच्या खोलीचं कुलूप बघायचं होतं.

२५ फेब्रुवारी

दुपारी तीन ते पाच बायकांची वेळ ठरली. अट अशी की त्या वेळात अध्यक्षांनी आत थांबायचं नाही. मी लिंबाखाली खुर्ची घेऊन बसतो. आतून हसण्याचे आवाज येतात. व्यायामात हसण्यासारखं काय असतं कळत नाही.

पंचशीलाही जाते. म्हणते, "बाकीच्यांवर ध्यान ठेवायला." सध्या ती घरात भिंत न धरता वावरते. बहुधा फरशी बदलल्यानं असेल. फरशी बदलून तीन वर्षं झाली, पण परिणाम हळूहळू होत असावा.

सचिव नसल्यानं पत्रव्यवहार तुंबला आहे. एवढ्याच कारणानं अनंतरावांची आठवण येते. बाजारातून येताना त्यांच्या गल्लीतून आलो. जाताना पण तिकडूनच गेलो. ओटा मोकळा होता. परत एकदा जावं लागलं, कोथिंबीर विसरली होती.

५ मार्च

अनंतराव आले. पुस्तकांची पेटी उचलताना पाठ धरली म्हणे. काटकोनात वाकलेले, एका बाजूनं सौदामिनीताईंनी धरलेलं. ताई बायकांच्या वेळेला येतात हे मला माहीत होतं, अनंतरावांना माहीत नव्हतं.

आम्ही एकमेकांशी बोललो नाही. ते रत्नम्माला म्हणाले, "यांना सांगा, माझं नाव लिहून घ्या."

मी रत्नम्माला म्हणालो, "यांना विचार, तक्रार काय लिहू?"

"यांना सांगा, पाठीचा स्नायू आखडला आहे."

"यांना सांग, आमच्या वहीत 'नस' एवढाच रकाना हाय."

रत्नम्मा म्हणाली, "मला मोंढ्यात जायचंय. तुमी दोघं समोरासमोर बसा, नस आपोआप निघंल." आणि निघून गेली.

अनंतरावांनी वाकलेल्या अवस्थेतच वही ओढून घेतली. तिरकं पाहत म्हणाले, "हणमंते, 'उपस्थिती' सगळीकडे दीर्घ लिहिलंय. पहिली वेलांटी ऱ्हस्व." शुद्धलेखन तपासायला दोन दिवस घरी नेतो म्हणाले. मी नेऊ दिली.

आज जेवण चांगलं गेलं. भाजी रोजचीच होती.

१८ मार्च

पत्र आलं. २७ तारखेला तपासणी. त्यात एक ओळ अशी : केंद्रावर योजनेचं नाव मंजुरीप्रमाणे अचूक लिहिलेलं असावं.

म्हणजे मात्रा द्यावीच लागणार. मी पत्र घेऊन अनंतरावांच्या ओट्यावर गेलो. त्यांनी ते दोनदा वाचलं. 'मी म्हणालो होतो' असं म्हणतील म्हणून मी तयारीत होतो. ते आत जाऊन रंगाचा डबा घेऊन आले, एवढंच. पाठ पुष्कळ सरळ झाली आहे, पण शिडी चढायला लुंबिनीची मनाई आहे.

व्यायामशाळेपाशी शिडी लावून मीच चढलो. चौथ्या पायरीवर डोळ्यांपुढं काजवे चमकले. शिडी जुनी आहे. खाली उतरून शिडीचं निरीक्षण करत बसलो. सिद्धराम नेमका दुकानावर.

"सरका," पंचशीला म्हणाली. पदर खोचला आणि चढली. सरसर. मी ओरडलो, "अगं, गुडघे." ती वरून म्हणाली, "त्येंनाच घिऊन आले की."

अनंतराव खालून सांगत होते, "वहिनी, अजून तिरकी. थोडी डावीकडे. हां, आता शिरोरेषेला टेकवा." तिनं मात्रा दिली आणि उतरली. मला वाटलं, आता माणसं तुटणार.

संध्याकाळी पाहिलं तर एकही कमी झाला नव्हता. ग्यानोबाला पाटी दाखवली. तो म्हणाला, "मला कुठं वाचता येतंय? त्या दिशी शेजारच्यानं वाचून दाखवलं." आणि आत जाऊन चालायला लागला.

२७ मार्च

लिहायला जड जातंय, पण लिहितो.

तपासणीला शिवांगी नावाच्या अधिकारी आल्या. वय तिशीचं, पायांत बूट, नऊ पायऱ्या बोलत बोलत चढल्या. आत सत्तेचाळीस माणसं होती. इमारत पाहिली, यंत्रं पाहिली. मग वही उघडली.

"क्रमांक एक, रामकिशन हणमंते. साठ दिवसांत एकही खाडा नाही. अध्यक्ष म्हणजे असा हवा." त्यांनी घड्याळ काढलं. "चला सर, सहा मिनिटं चालून दाखवा. साधं चालायचं, हॉलच्या कडेनं."

नाही कसं म्हणणार? चाललो. पहिला फेरा मान ताठ ठेवून. दुसऱ्या मिनिटाला शर्ट भिजला. तिसऱ्या मिनिटाला छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली आणि हॉल लांब होत गेला. मांड्यांच्या यंत्रापाशी मी खाली बसलो. पंचशीला धावत आली. धावत. ते त्याही स्थितीत माझ्या लक्षात आलं.

शिवांगी मॅडमनी पाणी दिलं, बरं वाटेपर्यंत थांबल्या. मग वहीकडं पाहून म्हणाल्या, "पहिलीच नोंद खोटी निघाली. मग बाकीच्या खऱ्या कशावरून?"

सत्तेचाळीस माणसांची महिन्याभराची मेहनत माझ्या खुणांखाली दबली होती. मला स्टँडवर चुकीची घोषणा केल्यावर व्हायचं तसं झालं. पण तेव्हा लगेच दुसरी घोषणा करता यायची.

अनंतराव पुढं आले. "मॅडम, कृपया समास पाहावा."

मॅडमनी चष्मा लावून पाहिलं. माझ्या प्रत्येक खुणेशेजारी, समासात, मला कधी दिसलंच नाही इतक्या बारीक शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं. 'खुर्चीवर.' 'खुर्चीवर.' 'खुर्चीवर, वर्तमानपत्रासह.' 'लिंबाखाली.' माझ्या जन्माआधीची नोंद असती तर तिथंही लिहिलं असतं. वही दोन दिवस घरी नेली ती याकरता, आणि पुढं रोज शुद्धलेखन तपासायला येत तेही याकरताच. जुन्या तारखांना सिद्धरामला विचारून, खात्री करून लिहिलं म्हणे. मुदखेडच्या माणसापुढं 'एकदाच आला, सबब वगळावा.' पत्ता विचारणाऱ्यापुढं 'पत्ता विचारला.'

मॅडमनी पानं उलटली. "हे कुणी केलं?"

"मी. मी सचिव नाही, राजीनामा दिलेला आहे. पण चुकीची नोंद राहू देता येत नाही." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "हा माणूस एक दिवसही व्यायामाला आलेला नाही. पण एक दिवसही कुलूप उघडायला उशीर केलेला नाही. तेही लिहिलं आहे. मागच्या पानावर."

शिवांगी मॅडम हसल्या नाहीत, पण हसू दाबत होत्या. बाकीच्यांना एकेक करून उभं केलं. सौदामिनीताईंनी पंचवीस उठबशा काढल्या. ग्यानोबानं मान दोन्हीकडं फिरवली, नको म्हटलं तरी थांबेना. रत्नम्मानं विचारलं, "काय उचलू?" आणि उत्तर यायच्या आत सिद्धरामला उचललं.

वगळायचे ते वगळून बेचाळीस भरले. मॅडमनी सही केली. यंत्रं इथंच राहणार.

२८ मार्च

लुंबिनीनं रजा काढली आणि मला धरून लातूरला तज्ज्ञ डॉक्टरांकडं नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या. हृदयाला धक्का नाही, पण रक्तदाब वर, साखर वर. गोळ्या चालू. डॉक्टर म्हणाले, "हे वर्षभरापासून असणार, जाणवलं नाही का?"

जाणवत होतं. पण नियंत्रकाला कधी कुणी विचारत नाही की तुमची गाडी कुठं अडली. आणि न विचारता सांगायला मला भीती वाटत होती. आज पहिल्यांदा लिहितोय.

संध्याकाळी टेप घेऊन पायऱ्या मोजल्या. प्रत्येक सात इंच. माप बरोबर आहे.

पंचशीलेला विचारलं, तू मला आधी का बोलली नाहीस? म्हणाली, "बोलले की. तुमी परिसर बघून राहिलते."

३१ मार्च

बायकांच्या ओळखीतून मला तीन ते पाचच्या वेळेत बसवण्यात आलंय, कारण शिकवणारी तेव्हाच असते. शिकवणारी म्हणजे पंचशीला. नवीन सभासदांची जबाबदारी तिच्याकडं आहे, हे अध्यक्षाला कळवण्यात आलं नव्हतं. अनंतरावांचा राजीनामा फेटाळला. त्यांना आनंद झाला, पण 'फेटाळण्यात' मध्ये मी एक काना जास्त दिला होता, तो आधी काढला.

वहीत माझं नाव आता क्रमांक त्रेचाळीसला आहे.

६ एप्रिल, रविवार

उन्हं फार तापली आहेत, म्हणून सगळ्यांनी सकाळी सातला यायचं ठरवलं. लुंबिनी मोबाइलवर वेळ लावून उभी होती. मी पुढं, पंचशीला एक पाऊल मागं, अनंतराव कडेनं, त्यांनाही चालायलाच सांगितलंय. बोलत बोलत चालता आलं पाहिजे, नाहीतर वेग जास्त झाला असं लुंबिनीनं सांगितलं, म्हणून मग भांडत भांडत चाललो. माझ्या मते अनंतरावांचा वेग चुकीचा आहे. त्यांच्या मते माझं पाऊल ऱ्हस्व पडतं.

रत्नम्मा मागून येऊन तिघांच्याही पुढं गेली. तिच्या खांद्यावर पोतं होतं.

एकूण न थांबता आठ मिनिटं चाललो. पंचशीला म्हणते साडेसात. अनंतराव मध्ये पडले आणि पावणेआठ ठरलं.